दुसरे प्रक्षेपण

2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले आणि गिरगाव-परळच्या चाळींत करमणुकीचे एक नवे साधन आले, ही नोंद खरी असली तरी अपुरी आहे. कारण वरळीचे प्रक्षेपण रात्री संपले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याच कार्यक्रमाचे आणखी एक प्रक्षेपण चर्नी रोडच्या फलाटावर, फोर्टातल्या कचेऱ्यांत डबे उघडल्यावर, परळच्या गिरण्यांच्या फाटकाशी आणि लालबागच्या गाळ्यांत होत असे. ज्याने पाहिले तो, ज्याला पाहता आले नाही त्याला, हातवाऱ्यांसह आणि आवाज काढून सगळा भाग सांगत असे. कार्यक्रम पुन्हा पाहण्याची सोय घरोघरी नव्हती. तो पुन्हा ऐकण्याची तेवढी होती.

ही चाल दूरदर्शनने निर्माण केली नाही. 1893 साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि पुढे वाडी-वाडीत गणेशोत्सवाच्या मांडवापुढे जी नाटके होऊ लागली, त्यांतले नट दिवसा कचेरीत खतावण्या लिहिणारे आणि प्रेक्षकही त्याच टेबलांवरचे असत. परळला 1922 साली सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल उभा राहिला आणि गिरणीतल्या हौशी नटाला हक्काचा रंगमंच लाभला. 1935 साली गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. 1953च्या कायद्याने कामगार कल्याणासाठी स्वतंत्र निधी आला. अशा प्रेक्षागृहांत, नाटकातल्या कारकुनाने साहेबापुढे मान खाली घातली की मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने आपल्याच हेडक्लार्कचे नाव घेई आणि सगळे सभागृह हसे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली पुस्तकरूपाने आली आणि 1961 पासून ते तिचे एकपात्री प्रयोग करू लागले, तेव्हा त्या चाळीतल्या बिऱ्हाडांत आपले शेजारी ओळखणारा हा श्रोता आधीच तयार होऊन बसलेला होता.

कारकून हा शब्द फारसीतून आला. दफ्तर, शिरस्तेदार, हुजूर, मामलेदार हे त्याचे सोबती. अशा दफ्तरांचा सहवास लाभलेला एक पालीचा पंडित, बडोदे संस्थानच्या दफ्तरखात्यात काम केलेले चिं. वि. जोशी, 1930 नंतरच्या काही वर्षांत चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना मराठीत घेऊन आले. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ या पुस्तकांतला हा भित्रा, किरकोळ अंगाचा पुणेकर आणि त्याचा दांडगा मावसभाऊ 1940 साली ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने दिसले. आणि 1977च्या सुमारास दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ते मुंबई दूरदर्शनवर आले. यांतले कर्वे स्वतः मुंबई महानगरपालिकेच्या नोकरीत होते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दिवसा हजेरीपटावर सही करणारा माणूस रात्री नोकरदारांना हसवत होता, आणि हसणाऱ्यांना त्यात काही नवल वाटत नव्हते, कारण त्यांच्या मांडवात हेच तर चाललेले होते.

आमच्या गिरगावातल्या चाळीत तेव्हा मजल्यावर एकच संच होता. टपाल कचेरीतून परवाना काढून ठेवलेला, लाकडी सरकत्या झडपांचा, वर क्रोशाचे आच्छादन घातलेला. कौलांवर चढून एकजण अँटेना फिरवी, गॅलरीतला दुसरा ‘दिसतंय का?’ म्हणून ओरडे, आणि खोलीतून ‘मुंग्या, मुंग्या!’ असे उत्तर येई. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत बायका भिंतीशी, मुले पुढे फरशीवर, पुरुष दारात उभे. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, फोर्टातल्या एका व्यापारी पेढीत कारकून होते. चिमणराव पडद्यावर आला की सगळी खोली हसे. परंतु तो वरिष्ठापुढे चाचरू लागला म्हणजे अप्पा एकदम गप्प होत आणि उजव्या हाताने सदऱ्याचे वरचे बटण चाचपून पाहत. दुसऱ्या दिवशी कचेरीत तोच प्रसंग सांगताना मात्र ते असे रंगत की, त्यांचे सहकारी पुढे घरी आले तेव्हा म्हणाले, ‘वहिनी, आम्ही चिमणराव पाहिलाच नाही, आम्ही ऐकला.’ त्या सांगण्यात साहेब खोकत असे. दूरदर्शनवरचा साहेब खोकत नव्हता. अप्पांचा खोकत असे.

रविवारी हेच आख्यान लालबागला जाई. माझा मामा गिरणीच्या साचा खात्यात होता. त्याची दुसरी पाळी दुपारी भरून मध्यरात्री सुटे, त्यामुळे ती लागलेली असली की संध्याकाळचा कोणताही कार्यक्रम त्याच्या वाट्याला येत नसे. त्याच्या गाळ्यात कोकणातले पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने निजत, आणि अप्पा गेले की जागे असतील तेवढे त्यांच्याभोवती बसत. मामा पुढे ते साच्यावर नेई. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही म्हणून विणकर ओठांच्या हालचालीवरून आणि खुणांनी बोलत. त्या मूकभाषेत चिमणरावाचा साहेब जॉबर होई आणि चिमणराव बदली कामगार. नव्या माणसाला कामावर घेताना दस्तुरी खाणाऱ्या जॉबराची सत्ता 1935 साली आलेल्या बदली नियंत्रणानंतर आकुंचित झाली होती, तरी त्याच्यापुढे उभे राहण्याची ती ढब गिरणगावाच्या अंगात मुरलेली होती. पुण्याच्या एका कारकुनाची कथा बडोद्याच्या लेखकाने लिहावी, वरळीहून ती प्रक्षेपित व्हावी आणि लालबागच्या विणकराने नि:शब्दपणे ती आपली करून घ्यावी, याला मी या शहराच्या सांस्कृतिक इतिहासातले एक मोठे प्रकरण मानतो.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. मामा कोकणात गेला आणि परतला नाही.

1988 साली ‘वागले की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा कचेरीतला सामान्य नोकरदार कुंदन शाह यांनी पडद्यावर आणला. अंजन श्रीवास्तव, जे स्वतः बँकेत नोकरी करीत, वागळे झाले आणि भारती आचरेकर त्यांची पत्नी. भाषा हिंदी, परंतु आडनाव आमच्या गल्लीतले. एका भागात वागळ्याला मोटारीची धडक बसते. ती चालवणारा तरुण म्हणजे तेव्हाचा नवखा शाहरुख खान. त्याच्याकडे आमच्या चाळीत कोणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या कचेरीत वाद पेटला तो निराळ्याच मुद्द्यावर: वागळ्याची रजा किरकोळ धरावी की वैद्यकीय? एका पक्षाचे म्हणणे, डॉक्टरी दाखला हजर केल्याशिवाय वैद्यकीय रजा मंजूर होत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, अपघात कचेरीच्या वाटेवर झाला असेल तर प्रश्नच बदलतो. तीन दिवस डबे गार झाले. अखेरीस सेवानियमांची पुस्तिका काढण्यात आली. एखाद्या कलाकृतीला याहून गंभीर दाद मिळालेली मी पाहिलेली नाही. कारण ज्या माणसाच्या रजेची चिंता केली जाते तो माणूस खरा मानलेला असतो.

2001 साली उपग्रह वाहिनीवर ‘ऑफिस ऑफिस’ सुरू झाले तेव्हा अप्पा निवृत्त होते, आणि मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत, बंद दाराआड, संच होता. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात नव्या कचेरीची पायरी चढतो आणि तीच माणसे, आमच्या आसावरी जोशी त्यांत एक, त्याला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात. सबंध आयुष्य टेबलाच्या अलीकडे बसलेले अप्पा आता पलीकडच्या बाजूने पाहत होते. पहिला भाग संपल्यावर ते बराच वेळ बसून राहिले. सकाळी सांगायला कचेरी नव्हती. गॅलरीत सांगावे तर सर्वांनी पाहिलेले होते. मामाच्या गावी मात्र ती वाहिनी पोचलेली नव्हती, आणि मामा गिरणीकडून थकलेल्या रकमेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत होता.

अप्पांनी अंतर्देशीय पत्र घेतले आणि बारीक, दफ्तरी अक्षरात तो सगळा भाग लिहून काढला. पत्र टाकण्यापूर्वी त्यांनी ते मला वाचायला दिले. त्यात मुसद्दीलाल मामाच्या गिरणीच्या टाइम ऑफिसात गेला होता, तिकीट क्रमांक मामाचा होता, आणि खिडकीमागचा माणूस खोकत होता. घडीवरची जागा संपली तेव्हा अप्पांनी समासात आडवे लिहिले होते: शेष पुढील पत्री.