प्रत म्हणजे बॅकअप नव्हे : रिलेशनल डेटाबेसच्या इतिहासातली एक रात्र

आजचा विषय डेटाबेसचा आहे. पण ज्यांना संगणकाचं तंत्र येत नाही त्यांनी घाबरू नये. दुकानातली रोजकीर्द आणि खातेवही माहीत असली की आजच्यापुरतं भागेल.

इतिहासाचं व्याख्यान जुन्या काळापासून सुरू करण्याची रीत आहे. मी आज शेवटाकडून सुरुवात करते. तारीख ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब डॉट कॉम ही प्रोग्रामर मंडळींनी आपला कोड ठेवायची सेवा. तिचा डेटाबेस पोस्टग्रेस क्यू एल या प्रणालीवर चालायचा आणि त्यासाठी दोन सर्व्हर होते. एक प्रायमरी, ज्यावर सगळे व्यवहार व्हायचे. दुसरा सेकंडरी, पहिल्याची हुबेहूब प्रत, अडीअडचणीला तयार ठेवलेला. ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते, आपल्याकडे पहाटेचे पाच. सेकंडरी बिघडली होती, म्हणून तिच्यावरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची कमांड एका अभियंत्याने दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण प्रायमरीवर बसलो आहोत. त्याने कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

आता, ‘माणूस निष्काळजी होता’ असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला ते पटत नाही. ही चूक समजून घ्यायची तर ४७ वर्षं मागे जावं लागतं.

१९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांकडे डेटाबेस होते, नव्हते असं नाही. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो चांद्रमोहिमेच्या कामातून जन्माला आली. तिच्यात माहितीची मांडणी झाडासारखी असे : बुंधा, फांद्या, डहाळ्या. चार्ल्स बाकमन यांच्या पद्धतीत झाडाऐवजी जाळं होतं. दोन्हींत प्रोग्रामरला वाट माहीत असावी लागे. इथून निघा, या फांदीवर जा, पुढची नोंद उचला. समजा, पुरवठादाराच्या खाली त्याने पुरवलेले सुटे भाग लावून ठेवले आहेत. ‘या पुरवठादाराचे भाग कोणते?’ हा प्रश्न सोपा. ‘हा भाग कोणकोण पुरवतं?’ असं उलटं विचारलं की सगळं झाड धुंडाळायचं. आणि कुणी मांडणी बदलली, तर जुने प्रोग्राम बंद पडायचे.

एडगर कॉड हा मूळचा इंग्लंडचा गणितज्ञ, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता. पुढे तो आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आला. जून १९७० मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला मुद्दा असा की माहिती यंत्रात कुठे, कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडता कामा नये. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते एकमेकांशी जोडायचे ते किमतींवरून. या तक्त्यातला ग्राहक क्रमांक तोच त्या तक्त्यातला ग्राहक क्रमांक, संपलं. ‘रिलेशनल’ हे नाव तक्त्यांमधल्या नात्यांवरून पडलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गणितात ‘रिलेशन’ म्हणजे जवळजवळ तक्ताच. ते नाव तिथून आलं.

आयबीएमला हे लगेच रुचलं नाही, कारण त्यांचं आयएमएस चांगलं विकलं जात होतं. मे १९७४ मध्ये ॲन आर्बर इथे कॉड आणि बाकमन यांच्या बाजूंचा जाहीर वाद झाला. त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघा तरुणांनी ‘सीक्वल’ नावाची भाषा मांडली. गणिताची चिन्हं न वापरता, इंग्रजी वाक्यासारखी दिसणारी. बॉइस त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. वयाची तिशीही गाठली नव्हती त्याने. पुढे एका विमान कंपनीचा त्या नावावर हक्क निघाला म्हणून ‘सीक्वल’चं ‘एसक्यूएल’ झालं. आयबीएममध्ये ‘सिस्टिम आर’ आणि बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांचं ‘इंग्रेस’ हे प्रकल्प साधारण एकाच काळात चालले. पण बाजारात एसक्यूएल आधी आणलं ते ऑरॅकलने, १९७९ मध्ये. कॉडला १९८१ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं.

बरं, ‘काय हवं’ ते आपण सांगायचं आणि ‘कसं आणायचं’ ते यंत्राने ठरवायचं, हा करार झाला. पण ठरवायचं कसं? पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्याची रीत मांडली. तक्त्यात ओळी किती, इंडेक्स कुठे आहे, कुठल्या अटीने किती ओळी गळतील याचे अंदाज यंत्राने बांधायचे, प्रत्येक वाटेचा खर्च काढायचा आणि स्वस्तातली वाट धरायची. आजचे बहुतेक डेटाबेस याच रीतीचे वंशज आहेत.

इथेच एक नवा व्यवसाय जन्माला आला : वैद्यकीचा म्हणा ना. कारण अंदाज चुकतात. समजा, बिलांच्या तक्त्यात तारखेवर इंडेक्स आहे. एकाने विचारलं, ‘१ जानेवारी २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतची बिलं दे.’ दुसऱ्याने विचारलं, ‘ज्यांच्या तारखेतून वर्ष काढलं तर २०१६ येतं, ती बिलं दे.’ माणसाच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकच. पण इंडेक्स तारखेवर आहे, काढलेल्या वर्षावर नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला यंत्र बहुधा प्रत्येक बिल उघडून बघत बसतं. हे बाहेरून कळत नाही, फक्त क्वेरी हळू चालते. मग ‘एक्स्प्लेन’ ही कमांड द्यायची. ती विचारते, बाबा, तू कुठल्या वाटेने जाणार आहेस ते सांग. म्हणजे बघा, वाट माहीत असायची गरज कॉडने सर्वांची काढून टाकली, पण बिघाडाच्या दिवशी ती कुणाला तरी माहीत असावीच लागते. हे सूत्र लक्षात ठेवा. त्या रात्री ते पुन्हा भेटणार आहे.

आता रोजकीर्दीकडे येऊ. जुना मुनीम व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपून घ्यायचा आणि खतावणी मागाहून करायचा. मध्येच दिवे गेले तरी रोजकीर्द शाबूत असली की खातेवही पुन्हा उभी करता येते. डेटाबेसही तेच करतो. बदल आधी लॉगमध्ये पक्का लिहायचा, तक्त्यात सावकाश उतरवायचा. जिम ग्रे याने १९७८ च्या आपल्या टिपणांत हा शिस्तीचा भाग नीट बांधून दिला. पोस्टग्रेसमध्ये, जे स्टोनब्रेकरच्याच १९८६ च्या प्रकल्पातून आलं, असा लॉग २००१ मध्ये आला.

एकदा रोजकीर्द हाती आली की रिप्लिकेशन सुचणं ओघानेच आलं. पेढीच्या दुसऱ्या शाखेत रोजकीर्दीची पानं पाठवत राहायची. तिथला मुनीम त्यावरून खतावणी करेल आणि दोन्ही खातेवह्या सारख्या राहतील. पोस्टग्रेसमध्ये हे पान-न्-पान वाहतं ठेवण्याची सोय २०१० च्या ९.० या आवृत्तीत आली.

यात एक मेख आहे. दुसरीकडे पान पोचल्याचा निरोप येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायचं का? थांबवलं तर प्रत पक्की, पण धंदा मंद. आणि दुसरी शाखा बंद पडली तर पहिलीही अडकली. न थांबवलं तर धंदा जोरात, पण दुसरी वही थोडी मागे. ग्रेने त्याच टिपणांत ‘दोन सेनापतीं’चं कोडं सांगितलं आहे. दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण मधल्या दरीत जासूद पकडला जाऊ शकतो. निरोप पोचला याचा निरोप, त्याचाही निरोप, असं कितीही केलं तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. बहुतेक ठिकाणी मग न थांबण्याचा पर्याय घेतात आणि ‘सेकंडरी किती मागे आहे’ यावर डोळा ठेवतात.

आता परत त्या रात्री. संध्याकाळपासून गिटलॅबवर ताण वाढला होता. स्पॅमचा मारा होता. शिवाय कुणा खोडसाळाच्या तक्रारीवरून त्यांच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं चुकून पुसलं जात होतं. प्रायमरीवर बदलांचा पूर आला आणि सेकंडरी मागे पडली. जागा वाचवण्यासाठी प्रायमरी रोजकीर्दीची जुनी पानं काढून टाकते. सेकंडरीला हवं असलेलं पान ती मागायच्या आत काढून टाकलं गेलं. मधलं एक पान गेलं की पुढची सगळी निरुपयोगी. उपाय एकच : सेकंडरी रिकामी करून पूर्ण प्रत नव्याने घ्यायची.

ती घ्यायला गेले तर आधी जोडण्यांच्या मर्यादेवरून तक्रार. ती निस्तरली. मग प्रत घेणारी कमांड सुरू झाली आणि गप्प बसली. ना चूक दाखवली, ना प्रगती. खरं म्हणजे ती प्रायमरीकडून डेटा यायला लागण्याची वाट बघत होती, आणि हे तिचं नेहमीचं वागणं होतं. पण ते गिटलॅबच्या कामकाजाच्या टिपणांतही नीट नव्हतं आणि कमांडच्या अधिकृत माहितीतही. अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांची अडगळ डिरेक्टरीत राहिली असेल, ती काढू. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मघाचंच सूत्र. ‘आत काय चाललंय ते तुला कळायची गरज नाही’ हे वचन रोजच्या वापराला वरदान असतं, दुरुस्तीच्या वेळी तेच शाप होतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रिप्लिकेशनचा सगळा खटाटोप कशासाठी? दोन सर्व्हर तंतोतंत सारखे असावेत म्हणून. आणि ते जितके सारखे, तितकं मध्यरात्री थकल्या डोळ्यांनी त्यांना वेगळं ओळखणं कठीण. दोन काळ्या खिडक्या, आत तीच नावं, त्याच डिरेक्टऱ्या. फरक कशात, तर सर्व्हरच्या नावातल्या एका आकड्यात.

मग बॅकअप? रोजचा बॅकअप घेणारी व्यवस्था होती. पण ९.६ च्या डेटाबेसवर ९.२ चं जुनं हत्यार चालवलं जात होतं, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होतं. बॅकअपच्या साठ्यात बघितलं तर साठा रिकामा. अपयशाचे ई-मेल जात होते, पण त्यांवर आवश्यक ती ओळखखूण नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. डिस्कच्या छायाप्रती घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती, कारण बाकीचे उपाय पुरेसे आहेत असा समज होता. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर.

वाचवलं कशाने? त्याच अभियंत्याने दुपारी, चाचणीच्या सर्व्हरवर काम करायचं म्हणून हाताने एक प्रत काढली होती. ग्रीनिचच्या वेळेनुसार ५ वाजून २० मिनिटांनी. ठरलेली प्रत २४ तासांतून एकदाच निघायची. ही मधली निघाली नसती, तर जवळजवळ दिवसभराची माहिती गेली असती. ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्याच हातून बचावही झाला होता. चाचणीच्या सर्व्हरची डिस्क संथ, त्यामुळे परत उभं राहायला सुमारे १८ तास लागले. लोकांचा कोड वेगळ्या ठिकाणी असल्याने तो वाचला, पण सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्पांचे बदल, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली.

हे इतकं तपशिलात मी सांगू शकते, कारण गिटलॅबने काही लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, टिपणं उघडी ठेवली, नंतर सविस्तर अहवाल दिला. त्यात चूक करणाऱ्याचं नाव नाही. त्याला काढूनही टाकलं नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही रात्र कॉडच्या निबंधाइतकीच मोलाची वाटते. चालत्या प्रतीने सर्व्हर पडला तर धंदा चालू राहतो, पण चूकही त्याच वेगाने वाहून नेली जाते. कुणी चुकून एक तक्ता पुसला, तर दुसऱ्या शाखेतला मुनीमही तो इमानेइतबारे पुसतो. बॅकअप म्हणजे मागे राहिलेली, पुढच्या चुकांशी संबंध नसलेली वही. आणि ती वही उघडून, तिच्यावरून एकदा खातं उभं करून बघितलेलं नसेल, तर तिच्यावर विसंबू नये.

तुमच्यापैकी जे या कामात आहेत त्यांनी घरी जाताना एवढंच आठवून बघा : आपण बॅकअपवरून डेटा शेवटचा परत कधी आणून पाहिला होता? तारीख आठवली नाही, तर उद्याचं पहिलं काम तेच.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.