शिंबावर्गाबाहेरील मूलगाठी : एका शोधाचा इतिहास

नत्र स्थिरीकरण शिकविताना आपण सहसा सांगतो की, रायझोबियम जिवाणू केवळ शिंबावर्गीय, म्हणजे कडधान्यांच्या कुळातील, वनस्पतींच्या मुळांवर गाठी करतात. हे विधान कसे अपुरे ठरले, ते येथे पाहावयाचे आहे.

१८८६ साली हेलरीगेल यांनी बर्लिन येथे मांडले की, वाटाण्यासारखी पिके गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र घेतात. १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. अल्डर या युरोपीय वृक्षाच्या गाठींचे वर्णन व्होरोनिन यांनी १८६६ मध्येच केले होते. परंतु त्यांतील जीव निराळा, फ्रँकिया नावाचा तंतुमय जिवाणू, निघाला. त्यामुळे रायझोबियमचे नाते शिंबावर्गाशीच, ही समजूत पक्की झाली.

१९७३ मध्ये ट्रिनिक यांनी 'नेचर' नियतकालिकात न्यू गिनीतील एका वृक्षाच्या गाठींत रायझोबियम असल्याचे जाहीर केले. हा वृक्ष शिंबावर्गीय नव्हता. त्याची ओळख ट्रेमा अशी दिली गेली. १९७८ च्या सुमारास मात्र तो ट्रेमाचा निकटचा नातलग पॅरास्पोनिया असल्याचे स्पष्ट झाले. शोध खरा होता. नाव चुकले होते.

या चुकीतून एक मूलभूत प्रश्न पुढे आला. ओळखताना गफलत व्हावी इतक्या सारख्या दोन वनस्पतींपैकी एकीलाच गाठी का? पॅरास्पोनियाने ही क्षमता नव्याने मिळविली असावी, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील वॅखेनिंगेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी दोघींच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली. गाठींसाठी आवश्यक अशी काही जनुके ट्रेमामध्ये मोडलेल्या अवस्थेत आढळली. म्हणजे पॅरास्पोनियाने नवे काही कमावले नव्हते. ट्रेमाच्या पूर्वजांनी जवळचे गमावले होते, असा निष्कर्ष निघाला.

भात-गव्हाला स्वतःचे नत्र मिळवून देण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ही पिके या गटापासून दूरची असल्याने मार्ग सोपा नाही; परंतु कोणती जनुके अपरिहार्य, हे हरवलेल्या जनुकांवरूनच कळू लागले आहे.

त्या तुलनेतील ट्रेमा ओरिएंटॅलिस सह्याद्रीतही उगवते. विद्यार्थ्यांसमवेत तिची मुळे जरूर पाहावीत. गाठी दिसणार नाहीत; त्या का नाहीत, हाच खरा धडा आहे. आणि आपल्या टिपणांतील 'केवळ' हा शब्द आता खोडावा.