बांध कोणी घालायचा?

दिवाळीत रत्नागिरीजवळ आमच्या गावी गेलो होतो. पावसाळा संपला की पऱ्यावर बांध घालायचा आणि पाटाने पाणी बागांना फिरवायचं, ही वाडीची जुनी पद्धत. घरटी एक माणूस. पण कोणता दगड कुठे बसवायचा हे पक्कं ठाऊक फक्त आबाकाकांना. यंदा गुडघ्यांमुळे ते आले नाहीत. बांध झाला खरा, पण दुसऱ्याच दिवशी खालून पाणी सुटलं!

तिथे उभा असताना आठवलं ते एक्सझेड. (नात्यातल्या मंडळींसाठी: फाइली दाबून लहान करणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. बहुतेक लिनक्स मशीनवर असतं.) लासे कॉलिन नावाचा गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकटाच सांभाळत होता, तेही बिनपगारी. 2022 मध्ये काही जण मागे लागले, काम हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला दे. आपलं मन थकलंय असं त्याने लिहिलं. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचा कोणी मदतीला होताच. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. फेब्रुवारी 2024 च्या आवृत्तीत चोरदरवाजा आला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंडला शंका आली आणि 29 मार्चला त्याने तो उघडकीला आणला. जिया टॅन खरा कोण, हे गूढच राहिलं.

जबाबदारी वाटली की असं होतं, असं कोणी म्हणेल. मला उलटं वाटतं. तिथे वाटणी झालीच नव्हती. एकाचं ओझं दुसऱ्या एकावर सरकलं, आणि त्याचं काम तपासायला तिसरा कोणी नव्हता. डेबियनमध्ये बरीच पॅकेजं टीमच्या नावावर असतात, ती उगाच नाही. ओपन सोर्सचा परवाना दुरुस्तीचा हक्क सगळ्यांना देतो, पण दुरुस्तीला माणसं पुरवत नाही.

माझंही एक छोटंसं पॅकेज आहे. मागे दोघांनी मदत करू का म्हणून विचारलं होतं. 'समजावत बसण्यापेक्षा मीच करतो' म्हणून टाळलं. आबाकाकाही इतकी वर्षं हेच म्हणत आले!

तिसऱ्या दिवशी काकांना खुर्चीसकट पऱ्यावर नेलं. "अरे तो नको, त्याच्या शेजारचा चपटा घे," ते सांगत होते आणि वाडीतली तीन पोरं दगड बसवत होती. काका दोनदा उठायला गेले, आम्ही बसवलं. बांधाला दुप्पट वेळ लागला.

असो. परत आल्यावर त्या दोघांना मेल टाकली. एकाचं उत्तर आलंय.