बसऱ्याच्या लढाईतला बेपत्ता शिपाई

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर गेलेल्या आणि घरी न परतलेल्या मराठी शिपायाचा शोध घेऊ पाहणाऱ्या वंशजापुढे पहिली अडचण नोंदींच्या अभावाची नसून त्यांच्या स्वभावाची असते. ब्रिटिश साम्राज्याने आपली माणसे काटेकोरपणे मोजली, पण साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची गरज त्याला क्वचितच भासली. कोकणात आणि सातारा भागात अनेक गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी याची साक्ष देते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती माणसे ठाऊकच होती, तेव्हा नावे लिहून काय करायची, असा त्या काळी कोणी युक्तिवाद केला असेलही. तिसऱ्या पिढीला मात्र पाटीवरच्या आकड्यातला आपला माणूस कोणता, हे सांगणारे कोणी उरत नाही.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा मराठी मुलुखाशी असलेला संबंध प्रामुख्याने सहाव्या पुणे डिव्हिजनमधून येतो. मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड याच्या हाताखालच्या या सैन्यात १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि त्यांत देशावरचे व कोकणातले मराठे होते तसे दख्खनी मुसलमानही होते. बगदादच्या दिशेने पुढे सरकलेले हे सैन्य माघार घेऊन तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा या गावी थांबले, ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की वेढ्यात अडकले आणि उपासमारीने खंगून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. वाळवंटातून पायपीट करत निघालेल्या कैद्यांपैकी पुष्कळ हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. या कैद्यांचा अधिकृत हिशेब करताना मेलेले, सुटलेले आणि पळून आलेले यांच्या बरोबरीने ‘पत्ता न लागलेले’ असा एक वेगळा वर्ग करावा लागला. घरात ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, तो बहुधा या वर्गातला, किंवा वेढा फोडण्याच्या फसलेल्या प्रयत्नांत पडलेला असतो. कारण सैन्य उतरण्याचे बंदर बसरा असल्याने बोलण्यात सारी मोहीमच बसऱ्याच्या नावावर जमा झाली.

ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे बसरा स्मारक २७ मार्च १९२९ रोजी उघडण्यात आले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या आहे. नावांची यादी वेगळी ठेवली गेली. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात या विषमतेची कबुली दिली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बसरा स्मारकाच्या शतकभर आधी १८१८ च्या लढाईसाठी कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर कंपनी सरकारने पडलेल्या शिपायांची नावे कोरली होती, आणि ‘नाक’ या शेवटामुळे त्यांतले महार शिपाई आजही ओळखू येतात. नावे कोरण्याची रीत सरकारला ठाऊक नव्हती, असे म्हणण्याला त्यामुळे जागा राहत नाही.

नावाकडे परत जाण्याची वाट बहुतेक वेळा पलटणीतल्या क्रमांकातून जाते, आणि तो क्रमांक सापडण्याची सर्वात भरवशाची जागा म्हणजे घरातली पदके. ब्रिटिश वॉर मेडल हे चांदीचे, वजनाने अडीच तोळ्यांच्या आसपास. एका बाजूला राजा पंचम जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, ज्याकडे पाहून देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाची आठवण व्हावी. पाहायचे ते मात्र या दोन्ही बाजूंकडे नाही. पदक उभे धरून कड उजेडाकडे फिरवली, की बारीक रोमन अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एका ओळीत वाचता येते. चांदीची असल्यामुळेच यांतली कित्येक पदके अडीअडचणीला सोनाराच्या मुशीत गेली, आणि त्यांच्याबरोबर क्रमांकही वितळले. हेच पदक काशाचे असेल तर तो माणूस लढणारा शिपाई नसून भिस्ती, डोलीवाला किंवा तत्सम ‘फॉलोअर’, म्हणजे सैन्याबरोबरचा बिनलढाऊ नोकर होता असे समजावे. १९१४-१५ चा तारा ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत आघाडीवर पोहोचलेल्यांनाच मिळत असे. कुतचा वेढा त्याआधीच पडलेला असल्याने, ज्या शिपायाची बाकीची पदके शाबूत आहेत पण ज्याला तारा मिळालाच नाही, तो कुतमध्ये असण्याचा संभव जवळजवळ नाही. मृताच्या वारसाला मिळालेली काशाची मोठी गोल तबकडी घरात असेल तर सरकारने मृत्यू मान्य केला होता एवढे ठरते; परंतु तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दाही नाही आणि क्रमांकही नाही.

क्रमांक नसेल तर केवळ नावावर विसंबणे धोक्याचे. मोरे, कदम, शिंदे, पवार ही आडनावे आणि राम, बाबाजी, सखाराम ही नावे एकाच पलटणीत अनेकदा येतात, आणि रोमन लिपीत उतरवणाऱ्या कारकुनाने पवारांचे ‘पोवार’ आणि चव्हाणांचे ‘चोवान’ केलेले असते. युद्धकबर आयोगाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, पण तो जुना भूगोल असतो. तिथला ‘सातारा’ आजच्या सांगलीतला वाळवा किंवा तासगाव असू शकतो, ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, ‘रत्नागिरी’त १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग सामावलेला होता, आणि ‘खेड’ पुणे जिल्ह्यातही आहे व रत्नागिरीतही. काही गावे तर कोयनेच्या जलाशयाखाली गेली आहेत.

भरतीच्या वेळी शिपायाची जी वैयक्तिक पत्रिका केली जाई तिला ‘शीट रोल’ म्हणतात, आणि क्रमांकवार भरतीच्या जाड नोंदवहीला ‘लाँग रोल’. शीट रोल मुदतीनंतर नष्ट केले जातात, लाँग रोल त्यामानाने टिकतात. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. या वारशामुळे मराठा शिपायाचा वंशज निदान बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचे दार ठोठावू शकतो. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर थोड्याच काळात मोडली, त्यामुळे तिच्या शिपायांच्या घरच्यांना असे दारही उरले नाही.

सरकारी कागद शिपायाचे काय झाले ते सांगतात. घराने काय मानले ते वेगळ्या नोंदींत सापडते, आणि अभ्यासकांनी त्यांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे घरोघरी माहीत झालेला गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, इथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण मृत्यू गावात झालेला नसतो. गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, मात्र पाहावी. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर जमीन वारसांच्या नावे चढवताना कारण लिहावे लागे, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानुसार सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानता येई. धर्मशास्त्राने ही मुदत बारा वर्षांची धरली असून, त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याच्या विधीला पालाशविधी म्हणतात.

पितृपक्षातली तिथी त्याहून बोलकी ठरते. ज्या घरात परतून न आलेल्या शिपायाचा म्हाळ चतुर्दशीला घालतात, त्या घराने त्याला शस्त्राने मेलेला मानले आहे, कारण ती तिथी शस्त्राने मृत्यू आलेल्यांची; सर्वपित्री अमावास्येला घालत असतील तर मृत्यूचा दिवस कळला नव्हता एवढाच अर्थ निघतो. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीला होते. फेरफारात नवरा मयत लागून जमीन भावांच्या नावे झालेली आहे, पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी वारलेल्या त्याच्या बायकोचे पान अजून नवमीलाच वाढले जाते, अशी विसंगती एखाद्या घरात आढळली तर ती लेखनाची चूक समजून पुसू नये. तलाठ्याने त्या शिपायाला मृत लिहिले होते. ती मरेपर्यंत कुंकू लावत होती.