कनेक्शन टाइम्ड आउट, रिफ्यूज्ड, रीसेट म्हणजे काय? नेट नेमकं कुठे अडलंय ते ओळखा

माझा मावसभाऊ करमाडला राहतो. एका भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि साइट उघडत नव्हती. रेंज नसेल म्हणून पठ्ठ्या गाडी काढून शेंद्र्यापर्यंत जाऊन आला. तिथेही तेच. शेवटी मला स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर लिहिलं होतं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणजे त्याची रेंज ठणठणीत होती, पेट्रोल उगाच जळलं!

हे मेसेज फोन कॉलसारखे समजून घ्या.

कनेक्शन रिफ्यूज्ड: समोरच्याने फोन उचलला आणि सरळ ‘नाही’ म्हणून ठेवून दिला. तुमची विनंती पोचली, उत्तरही परत आलं. पण त्या सर्व्हरवर वेबसाइट चालवणारा प्रोग्राम बंद आहे किंवा फायरवॉलने दार लावलंय. फोन रिस्टार्ट करून काही होत नाही. थांबायचं, थोड्या वेळाने बघायचं.

कनेक्शन टाइम्ड आउट: रिंग वाजतेय, कोणी उचलत नाही. फोन पहिलं पॅकेट पाठवतो, उत्तर नाही आलं तर साधारण 1, 2, 4, 8 सेकंद असं अंतर वाढवत पुन्हा पाठवतो आणि शेवटी सोडून देतो. म्हणून इथे गोल चकरी बराच वेळ फिरते, रिफ्यूज्डमध्ये मात्र एरर लगेच येते. दोष तुमच्या नेटचा असू शकतो किंवा सर्व्हरवरच्या गर्दीचा. दुसरी साइट उघडून बघा. ती उघडली, तर तुमचं नेट बरोबर आहे.

डीएनएस एरर: नंबरच सापडला नाही. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप जवळपास सहा तास बंद होते, तेव्हा फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे रस्तेच इंटरनेटवरून गायब झाले होते. तुमच्याकडे सगळ्याच साइट्सना ही एरर येत असेल, तर सेटिंगमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ तपासा. जाहिराती बंद करायला कधीतरी तिथे काहीतरी टाकलेलं असतं आणि आपण विसरून जातो. ते ‘ऑटोमॅटिक’ करा.

कनेक्टेड, नो इंटरनेट: राउटरपर्यंत जोडलंय, त्यापुढे नाही. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका छोट्या पत्त्यावर विनंती पाठवून 204 हा कोड परत येतो का ते बघतो. रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर लॉगिन करेपर्यंत तो येत नाही.

कनेक्शन रीसेट: जोडणी झाली, बोलणं सुरू झालं आणि मध्येच कोणीतरी फोन आपटला. फी भरताना ही एरर आली तर ‘पे’ पुन्हा दाबू नका. विनंती पोचून पैसे कापलेही गेले असतील, फक्त उत्तर तुमच्यापर्यंत आलं नसेल. टाइम्ड आउटलाही हेच लागू. आधी बँकेचा मेसेज बघा, मग साइटवर पुन्हा लॉगिन करून अर्जाचं स्टेटस.

आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. मावसभावाने तोच जोडून हेल्पडेस्कला मेल केला होता.