प्रतवारीची प्रतवारी

संग्राहकाच्या हौसेला जोपर्यंत केवळ त्याच्या डोळ्यांचा आधार होता, तोपर्यंत तीत तंटे पुष्कळ होत असले, तरी ते दोन माणसांतले असत. विकणारा आपल्या नाण्याला उत्तम म्हणे, घेणारा तेच मध्यम ठरवी, आणि ज्याची गरज अधिक तो अखेरीस नमते घेई. या सनातन कलहावर तोडगा म्हणून अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवीन वृत्ती उदयास आली. वस्तू स्वतः विकत न घेता आणि न विकता केवळ तिच्या दर्जाचा आकडा सांगून फी घ्यावयाची, व तो आकडा वस्तूसह पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून टाकावयाचा, हे या वृत्तीचे स्वरूप होय. तिचा इतिहास जितका उद्बोधक, तितकाच करमणुकीचा आहे.

या आकड्यांचे जनक डॉ. विल्यम शेल्डन हे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होते. मनुष्याच्या शरीरयष्टीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो अशी त्यांची दृढ श्रद्धा असल्यामुळे देहाचे तीन घटक कल्पून प्रत्येकास १ ते ७ असे गुण देण्याची पद्धत त्यांनी बसविली होती; आणि माणसांच्या या प्रतवारीतून जो वेळ उरे, तो ते अमेरिकेचे जुने, तांब्याचे, आकाराने मोठे सेंट जमविण्यात घालवीत. १९४९ साली या सेंटांवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी नाण्यांसाठीही १ ते ७० अशी श्रेणी दिली. शंभर नाही, दहा नाही, सत्तरच का, याचे उत्तर मोठे मौजेचे आहे: १७९४ सालच्या सेंटांपैकी जेमतेम ओळखू येण्याइतपत उरलेल्या नाण्याला जी किंमत येई, तिच्या सुमारे सत्तरपट किंमत टांकसाळीतून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या दिसणाऱ्या नाण्याला त्या काळी येत असे. तात्पर्य, ही दर्जाची मोजपट्टी नव्हतीच; ते एका वाणाच्या नाण्याच्या, एका काळच्या बाजारभावाचे कोष्टक होते. भाव लवकरच बदलले, कोष्टक निरुपयोगी झाले, आणि सत्तराचा आकडा मात्र सोन्याच्या, रुप्याच्या, देशोदेशींच्या नाण्यांवर आजतागायत अंमल गाजवीत आहे.

शेल्डन यांच्या पारखीबद्दल कोणी शंका घेऊ नये. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम प्रतीचे कित्येक सेंट नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच जातीचे, परंतु कनिष्ठ प्रतीचे सेंट येऊन बसल्याचे पुढे उघडकीस आले, आणि हा बदल शेल्डन यांच्याच हातचा, असे त्या संस्थेने ठरविले. शेल्डन यांच्या निधनानंतर त्या नाण्यांच्या मालकीचा मामला न्यायालयापर्यंत गेला. प्रतीप्रतींतील अंतर इतक्या अचूकपणे जाणणारा दुसरा पारखी त्या काळी क्वचितच असेल.

नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ साली खऱ्याखोट्या नाण्यांची तपासणी करणारी कचेरी उघडली, आणि १९७९ पासून ती कचेरी दर्जाचा दाखलाही देऊ लागली. दाखल्यावर नाण्याचे छायाचित्र असे. पण कागद आणि नाणे या दोन सुट्या वस्तू असल्यामुळे त्यांची फारकत होण्यास वेळ लागत नसे. या दोषाचे निवारण १९८६ साली कामास प्रारंभ करणाऱ्या पीसीजीएस या कंपनीने, व तिच्या पाठोपाठ १९८७ साली निघालेल्या एनजीसीने, नाण्याची पेटीबंद प्रतिष्ठापना करून केले. आता व्यापारी नाणे न पाहताच, नुसता पेटीवरील आकडा ऐकून दूरध्वनीवर सौदे करू लागले. नाणे नीट पाहता यावे म्हणून जी योजना निघाली, तिच्यामुळे नाणे पाहण्याचे प्रयोजनच संपले!

भांडवलवाल्यांचे लक्ष इकडे वळले, भाव चढले, आणि १९८९ नंतर ते कोसळले. १९९० साली फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर हरकत घेतली, तेव्हा कंपनीने दोष मान्य न करता तडजोड पत्करली. त्याच वर्षी तिने नाणी तपासणाऱ्या संगणकाचाही गाजावाजा केला. परंतु तो गणकपंडित या दरबारी फार काळ टिकला नाही, आणि ते स्वाभाविकच होते, कारण एकाच नाण्याला दर खेपेस एकच आकडा देणाऱ्या यंत्रामुळे धंद्याचा मोठा आधारच नाहीसा झाला असता. ६४ चा आकडा मिळालेले नाणे पेटी फोडून बाहेर काढावे, पुन्हा फी भरून धाडावे, आणि ६५ येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा, हा तेथील व्यापाऱ्यांचा मान्य रिवाज आहे. नाणे तेच, डोळे तेच, भावात मात्र कधी कधी दुपटीचे अंतर.

या आकड्यांवरचा विश्वास डळमळू लागला, तेव्हा तो सावरण्यासाठी २००७ साली सीएसी नावाची आणखी एक संस्था पुढे आली. पेटीवरील आकडा रास्त आहे असे वाटल्यास पेटीवर हिरवी टिकली लावावी, आणि आकडा कमी पडला असे वाटल्यास सोनेरी, एवढेच तिचे कार्य. तिचे संस्थापक पूर्वी एनजीसीच्या स्थापनेतही होते, म्हणजे पंचांवरील सरपंच पंचांमधूनच आला. आणि २०२३ मध्ये या सरपंचांनी स्वतःच्या पेट्याही सुरू केल्या.

हे लोण खेळाडूंच्या चित्रपत्रांपर्यंत पोहोचले. १९९१ साली निघालेल्या पीएसए कंपनीने पहिल्या क्रमांकाचा दाखला दिला तो होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या, सिगारेटच्या पाकिटातून आलेल्या विख्यात पत्राला, आणि त्यास दहापैकी आठ गुण बहाल केले. २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकले गेले. २०१३ साली लिलावाच्या धंद्यातील बिल मास्ट्रो यांनी त्या पत्राच्या कडा आपणच कातरल्याचे न्यायालयात कबूल केले. पहिल्याच दाखल्याची ही कथा. पुढील लक्षावधींचा विचार सुज्ञांनी करावा.

नाण्यांची पारख हा आपल्याकडे काही नवा उद्योग नव्हे. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत फिरत, आणि त्यांचा कस पाहून बट्टा ठरविणे हे पोतदाराचे काम असे. पोतदार फार साधुपुरुष होता असे नाही. बट्ट्याच्या नावाखाली रयतेला किती नाडता येते, हे तो पुरते जाणून होता. परंतु त्याच्या कामाला नाण्यानाण्यांतील खराखुरा भेद कारण होता, आणि पारख होताच रुपया पुन्हा बाजारात जाई. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने एका वजनाचा व एका कसाचा रुपया सर्वत्र चालू केला, तेव्हा बट्ट्याची किफायत हळूहळू ओसरली. अमेरिकेतील धंद्याची गोष्ट नेमकी उलट: जेथे सर्व नाणी एका वजनाची, एका कसाची आणि एकदाही व्यवहारात न आलेली, तेथेच तो अधिक जोमाने फोफावला, कारण धातूत भेद उरला नाही म्हणजे टांकसाळीच्या थैलीत पडलेल्या केसाएवढ्या ओरखड्याला मोल येते, आणि तो ओरखडा आहे की नाही हे सांगण्यासाठी फी घेता येते.

अलीकडे पीसीजीएसच्या आरंभीच्या, हलविल्या असता खुळखुळणाऱ्या पेट्या, आणि एनजीसीच्या प्रारंभीच्या काळ्या पेट्या, आतील नाण्याचा विचार न करता जादा दराने खरेदी करणारे संग्राहक निर्माण झाले आहेत. हे लोक तरी प्रामाणिक म्हटले पाहिजेत; इतकी वर्षे सर्वजण जे विकत घेत होते, तेच ते उघडपणे विकत घेतात. त्यांच्यात पेटीच्या ओरखड्यांवरून तंटे लागले, म्हणजे ते सोडविण्यासाठी माफक फी आकारणारी कचेरी निघण्यास कितीसा उशीर लागणार!