बोललेलं टिकवायचं कसं?

हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडत असाल, शिलाई मशीनवर बसला असाल, तर तसंच ऐका. आजचा विषय कानाचाच आहे.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, माझी सून कानात वायर घालून दिवसभर काहीतरी ऐकते. गाणी नाहीत म्हणते, पॉडकास्ट म्हणते. हे काय असतं?" पॉडकास्ट म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेलं बोलणं. रेडिओ त्याच्या वेळेला लागतो, पॉडकास्ट आपल्या सवडीनं लावता येतो. हा शब्द २००४ सालचा, म्हणजे वीस-बावीस वर्षांचा. पण त्यातलं काम जुनं आहे: पुस्तक मोठ्यानं वाचायचं, त्यावर चार माणसांनी बोलायचं, गावात घडलं ते सांगायचं आणि मागे ठेवायचं. आज मराठीत काही मुलंमुली कुठल्याही कंपनीचा किंवा वाहिनीचा आधार न घेता स्वतःच्या मोबाइलवर हे करत आहेत. कुणी जुनी पुस्तकं वाचतं, कुणी आंदोलनातल्या माणसांशी बोलतं. हे बायकांच्या दृष्टीनं का महत्त्वाचं आहे, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

सन १८८२. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक लिहिलं. कारण असं घडलं की आदल्या वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं बाळ मारल्याच्या गुन्ह्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी सरळ विचारलं की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला लग्नाची बंदी तुम्हीच घातली, मग गुन्हेगार ती एकटी कशी? पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे.

पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार' मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हे पुस्तकही लोकांच्या नजरेआड गेलं. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा महाराष्ट्राला ताराबाई माहीत झाल्या. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. हिशेब करा, चार पिढ्या. आपल्या पणज्या, आज्या हे पुस्तक न ऐकताच गेल्या. ते १९७५ साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपलं 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, सुरू झालं. आज राज्यातले कितीतरी बचत गट माविमच्या हाताखाली उभे आहेत, पण ताराबाईंचं नाव किती गटांत घेतलं जातं?

ही झाली छापलेल्या पुस्तकाची गत. जे छापलंच गेलं नाही, त्याचं काय?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचायच्या. घरातल्या माणसांनी ती ऐकली आणि उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. आपलं पुस्तक पाहायला बहिणाबाई नव्हत्या. घरात कवी मुलगा नसता तर? अशा किती बहिणाबाई जात्याबरोबरच गप्प झाल्या असतील!

हा विचार मनात धरून कामाला लागलेली माणसंही होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावागावांतल्या कार्यकर्त्यांनी मिळून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९६ नंतर बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यांत सीता आहे, सासर-माहेर आहे, पाऊस आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या आज 'पारी' या संकेतस्थळावर त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. साहित्य आणि चळवळ असे दोन कप्पे आपण करतो, पण त्या बायकांनी केले नव्हते. त्यांच्या ओवीत दोन्ही एकत्रच होतं.

दुसरं काम उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं. आंबेडकरी चळवळीत बायका हजारोंनी होत्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले आणि त्यानंतर बायकांनी जातीची खूण ठरलेलं जुनं राहणीमान सोडलं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. पण इतिहासाच्या पुस्तकात नावं बहुतेक पुरुषांची. म्हणून या दोघी वयस्कर कार्यकर्त्या बायकांना शोधत गेल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. आणखी दहा-पंधरा वर्षं थांबल्या असत्या तर सांगायला किती जणी उरल्या असत्या?

आता रेडिओकडे येऊ. फार वर्षं आपल्या देशात रेडिओ फक्त सरकारचा होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये झहीराबादजवळच्या पस्तापूरला 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवणाऱ्या बायका दलित, शेतात राबणाऱ्या. बियाणं, भरडधान्य, सण, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशीच्या बायकांचा रेडिओ आहे.

पण सामुदायिक रेडिओला मर्यादा आहेत. दिल्लीहून परवाना लागतो, मनोरा लागतो, आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच पोचतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पॉडकास्टला परवाना नको, मनोरा नको. मोबाइल आणि डेटा असला की झालं. पुण्याला नोकरीला गेलेली लेकही गावातल्या आजीचं बोलणं ऐकू शकते. म्हणून मला वाटतं, रेडिओनं दार उघडलं आणि पॉडकास्टनं उंबरठा कमी केला.

ऐकण्यातून गाव हलतं का? हलतं. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेचे वर्ग चालू होते. त्यांच्या वाचनपुस्तकात दारूनं उद्ध्वस्त झालेल्या घरातल्या सीतम्मा नावाच्या बाईची गोष्ट होती. वर्गात ती वाचली गेली, बायका त्यावर बोलल्या, आणि दुबगुंटा गावातल्या बायकांनी दारूचं दुकान बंद पाडलं. लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर गेलं. १९९३ मध्ये तिथे गावठी दारूवर बंदी आली. पुढे आलेली संपूर्ण दारूबंदी टिकली नाही, हेही खरं. पण एका धड्याच्या चर्चेतून एवढं झालं.

आता आपल्याकडे पाहा. आमच्या प्रभागातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी बाटली आडवी झाली. तुम्हाला माहीत आहे, गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. त्या गावच्या गटाचं इतिवृत्त मी काढून पाहिलं. त्यात एकच ओळ आहे: दारूबंदीबाबत चर्चा झाली, ठराव मंजूर. कुणी दारोदार फिरून सह्या घेतल्या, कुणाला घरात मार बसला, बाळंतिणीला मतदानाला कसं नेलं, यातलं काही वहीत नाही. पुढाकार घेणाऱ्या दोघींपैकी एक आजी मागच्या पावसाळ्यात वारल्या. त्यांचं सांगणं कुणाजवळच नाही. ताराबाईंचं पुस्तक निदान कुठेतरी ठेवलेलं होतं म्हणून सापडलं. या आजींचं काहीच ठेवलेलं नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातल्या एका बैठकीत अर्धा तास काढा. पंधरा मिनिटं एखादं जुनं पुस्तक मोठ्यानं वाचा. उरलेली पंधरा मिनिटं त्यावरून गावातलं आठवेल ते एकीनं सांगावं. शिकलेल्या मुलीनं मोबाइलवर रेकॉर्ड करावं. पंखा बंद ठेवा, मोबाइल बोलणारीच्या जवळ ठेवा, आणि मध्ये मध्ये "हो हो" म्हणू नका.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, पुस्तकाचा हक्क. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये आणि साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'स्मृतिचित्रे' आणि 'श्यामची आई' खुशाल वाचा. ताराबाई आणि बहिणाबाईही मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून 'फकिरा' सगळ्यांसाठी वाचून टाकायची असेल तर २०२९ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. बोलणाऱ्या बाईला आधी विचारा. रेकॉर्ड करू का, नाव घालू का, गटापुरतं ठेवू की बाहेर पाठवू. झाल्यावर तिला ऐकवा. नको म्हणाली तर पुसून टाका. मारहाणीचं, जमिनीच्या वादाचं बोलणं एकदा मोबाइलवरून बाहेर गेलं की परत आणता येत नाही, आणि राहायचं तिला त्याच गल्लीत असतं. तिचं म्हणणं टिकवताना तिचं घर मोडायला नको.

पहिलं रेकॉर्डिंग कुणाचं करायचं, हे ठरवायला वेळ लावू नका. गटात सगळ्यांत वयानं मोठी कोण आहे ते बघा आणि या रविवारी तिच्याकडे जा.